उघड्या दाराचा तास

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला माणूस पोटापाशी संपत असे. म्हणजे भिंतीवरच्या तक्त्यातला. हृदय, फुप्फुसं, जठर, आतड्यांची वेटोळी, सगळं रंगीत आणि ठसठशीत. आणि त्याखाली एकदम खाकी कागद. कुणा जुन्या मुख्याध्यापकांनी वह्यांना घालतात तसं कव्हर त्या बिचाऱ्याच्या कमरेला घातलं होतं, आणि डिंक इतका सढळ हातानं लावला होता की त्यांच्यामागून आलेल्या कुणाचीच ते काढायची हिंमत झाली नव्हती. खडकीतली कितीतरी मुलं हा असा अर्धा माणूस शिकून दहावी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली. कशी झाली ते तक्त्यात नव्हतं.

ओव्हाळ मॅडम विज्ञान शिकवायला आमच्याकडे आल्या, आणि आल्या आल्या त्यांनी तो कागद ओल्या फडक्यानं भिजवून काढायला घेतला. कागदाबरोबर खालचं चित्रही निघून आलं. मग त्या माझ्याकडे आल्या. मी शाळेत चित्रकला शिकवतो.

"सर, तुम्हाला माणूस काढता येतो का?"

मी जरा दुखावलोच. चित्रकलेच्या कॉलेजात समोर माणसं बसवून आम्ही रीतसर चित्रं काढली होती. म्हटलं, "येतो की."

"पूर्ण?" त्यांनी विचारलं.

मी दोन तक्ते केले, एक बाईचा आणि एक पुरुषाचा. कॉलेजात जो हात बिनदिक्कत चालायचा, तो शाळेत आल्यावर सोवळ्यात असल्यासारखा वागू लागला. कलावर्गाचं दार लावून, कडी घालून, मी ती चित्रं पुरी केली. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवून तक्ते बघितले. "वरचं छान आलंय," त्या म्हणाल्या. "खाली पेन्सिल घाबरलेली दिसते. गडद करा." मी गडद केलं. तेव्हापासून आमची मैत्री झाली, म्हणजे त्या सांगत आणि मी गडद करत असे.

मॅडम राहायला विश्रांतवाडीला. ठेंगणा बांधा, सुती साडी, पदर खोचलेला आणि त्यावर खडूची पांढरी रेघ कायमची. मुलांना फळा पुसायला सांगायच्या नाहीत, स्वतः ओल्या फडक्यानं लख्ख पुसायच्या. डब्यात काहीही असो, लसणाची चटणी असायचीच, आणि ती आग्रहानं वाढून समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहायला त्यांना मनापासून आवडायचं. त्यांचे वडील कारखान्यात कामगार होते. दर रविवारी ते सगळ्या भावंडांना विहारात न्यायचे आणि परत येताना विचारायचे, आज काय पटलं नाही? पटलं ते कधी विचारायचे नाहीत. "त्यामुळे मला सवय लागली," मॅडम म्हणायच्या. "सासरी फार त्रास झाला. सासरच्यांना."

आठवीच्या पुस्तकात वयात येण्याचा धडा यायचा. आमच्याकडे त्याची एक ठरलेली पद्धत होती. शिक्षक घसा खाकरून म्हणायचे, हा धडा घरी वाचून या, सोपा आहे. मुलं इतर कुठलाही धडा घरी वाचत नसत, हा मात्र वाचत आणि वाचून गोंधळात भर पडायची. वर्षातून एकदा एखाद्या संस्थेच्या बाई यायच्या. मुलींना सभागृहात बसवून दारं-खिडक्या लावून काहीतरी सांगितलं जायचं आणि मुलांना त्या वेळात मैदानावर पिटाळलं जायचं. मुली हातात छोटी पुडकी लपवत खाली मान घालून बाहेर यायच्या. एका वर्षी मुलांनी मुख्याध्यापकांकडे रीतसर तक्रार केली, की मुलींना खाऊ वाटतात आणि आम्हाला नाही. मुख्याध्यापक इतके गडबडले की त्यांनी मुलांना खरोखरच शेंगदाण्याची चिक्की वाटली.

मॅडमनी हे सगळं बंद केलं. मुलं-मुली एकत्र, त्यांच्या नेहमीच्या बाकांवर, आणि वर्गाचं दार सताड उघडं. मुख्याध्यापकांनी सुचवून पाहिलं की निदान त्या तासापुरतं तरी दार लोटून घ्या. मॅडम म्हणाल्या, "दार लावलं की मुलांना वाटतं आत काहीतरी वाईट चाललंय. मग मी कितीही चांगलं शिकवलं तरी ते वाईटच शिकून जातात." माझा कलावर्ग समोरच. मी आपला स्थिरचित्राला वांगी मांडून बसलेलो असायचो, आणि समोरून मॅडमचा खणखणीत आवाज यायचा. माझ्या वर्गातल्या मुलांची वांगी त्या दिवशी फार सावकाश पूर्ण व्हायची.

पहिल्या तासाला वर्ग हसायचा. मॅडम टेबलाला टेकून उभ्या राहायच्या. "हसून घ्या," त्या म्हणायच्या. "मला घाई नाही. सगळं हसू संपलं की सांगा." मुलं जोरात हसायची, मग एकमेकांकडे बघून हसायची, मग नुसतीच खिदळायची आणि शेवटी हसायला काही उरायचं नाही. मग मॅडम अवयवांची नावं फळ्यावर लिहायच्या आणि मोठ्यानं म्हणायला लावायच्या. एखादा पुटपुटला की म्हणायच्या, "मोठ्यानं. शब्द काय चावतो का?" नंतर प्रश्न सुरू व्हायचे. एकदा एका मुलानं उभं राहून विचारलं, "मॅडम, माझा आवाज फाटलाय. हा असाच राहणार का?" वर्ग पुन्हा हसत सुटला. मॅडम म्हणाल्या, "नाही रे. नवा बसतोय. तोवर प्रार्थना हळू म्हण, बाकीच्यांवर दया कर." त्या मुलाचा चेहरा इतका मोकळा झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्यांचा आणखी एक तास होता, नाही म्हणायचा. प्रत्येकानं उभं राहून समोर बघून 'नको' म्हणायचं. खाली बघून म्हटलेलं चालायचं नाही, हसत म्हटलेलंही नाही. आणि दुसऱ्यानं ते ऐकून लगेच थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. मुलांना वाटायचं हा खेळ आहे. सुट्टीनंतर एका मुलीची आई तणतणत आली. दिवाळीला घरी आलेल्या मामानं मुलीचा गालगुच्चा घ्यायला हात पुढे केला, तर मुलगी सरळ नको म्हणाली. चारचौघांत भावाचा अपमान झाला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे गृहपाठ करते ती," त्या म्हणाल्या. आई खुर्चीवर बसली आणि बराच वेळ मॅडमशी हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली. जाताना तिनं डोळे पुसले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही आणि मॅडमनीही सांगितलं नाही. असल्या बाबतीत त्या बाईंचं तोंड तिजोरीसारखं बंद असायचं.

मुलांच्या आधी हाच तास पालकांना द्यायचा, हा त्यांचा नियम. पहिल्या रविवारी फक्त आया आल्या. बाप कुणी फिरकला नाही. पुढच्या वेळी मॅडमनी निरोप धाडला, आपल्या पाल्याबद्दल गंभीर विषयावर बोलायचं आहे, वडिलांनीच यावं. सगळे बाप घाबरेघुबरे होऊन हजर. कुणी सुट्टी टाकून, कुणी कारखान्याच्या गणवेशातच. मॅडम उभ्या राहून म्हणाल्या, "गंभीर विषय असा, की तुमचं मूल मोठं होतंय. बसा." आणि कुणाला उठायची संधी न देता त्यांनी माझे तक्ते उलगडले. एवढी मोठमोठी माणसं पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलेली पाहून मला फार गंमत वाटली होती. तक्ते मी काढलेले, हे मात्र मी कुणाला कळू दिलं नाही.

आता मला ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगायला हवं.

मॅडमच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. त्यांच्याकडे दहावीचा एक वर्ग होता, आणि त्या वर्गात एक मूल होतं. हजेरीपटावर त्याचं नाव मुलींमध्ये होतं. ते नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्याला ते आवडत नाही. आता सगळे त्याला रोहन म्हणतात, मीही रोहनच म्हणतो. जून उजाडला आणि रोहन शाळेत येईनासा झाला. अभ्यासात बरा, खोड्या नाहीत, घरचं नीट. वडील, लोखंडे, कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर. सोमवार ते शुक्रवार गैरहजर आणि शनिवारी मात्र घंटेच्या आधी हजर. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि या वयात दहावी सुटली की पुढचं सगळंच सुटतं, हे आम्ही पुष्कळ मुलांच्या बाबतीत पाहिलेलं.

स्टाफरूममध्ये यावर चर्चा झाली. शनिवार खेळाचा. आमच्या खेळाच्या पवार सरांची छाती फुगली. "कबड्डीची ओढ हो. माझ्या मैदानासाठी येते पोरगी," ते म्हणाले. त्यावर सगळ्यांनी मिळून जो उपाय काढला तो फक्त शिक्षकांनाच सुचू शकतो: तिचा शनिवारचा खेळ बंद करायचा, म्हणजे बाकीचे दिवस येईल. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. मॅडम डबा पुसत होत्या. "हा शनिवार जाऊ द्या," एवढंच म्हणाल्या.

त्या शनिवारी प्रार्थनेच्या वेळी त्यांनी मला वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत बोलावलं. "सर, खाली बघा. काय दिसतं?"

"प्रार्थना."

"चित्रकार ना तुम्ही? नीट बघा."

मी बघितलं. शनिवारी आमच्याकडे खेळाचा गणवेश असतो, पांढरा टी-शर्ट आणि निळी ट्रॅकपँट, सगळ्यांना एकच. रांगाही मुलामुलींच्या वेगळ्या नसतात, गटांच्या असतात, लाल, हिरवा, पिवळा. "सगळे सारखे दिसतात," मी म्हणालो.

"हं," मॅडम म्हणाल्या. "आणि सोमवारी?"

सोमवारी मुलींना सलवार-कमीज आणि घडी घातलेली, पिना लावलेली ओढणी असायची. मी खाली रोहनकडे पाहिलं. तो ताठ उभा राहून, तोंड उघडून, प्रार्थना म्हणत होता. इतर दिवशी मी त्याला मान वर केलेलं कधी पाहिलं नव्हतं. मॅडम झरझर जिना उतरून गेल्या.

दुपारी मी प्रयोगशाळेत एका तक्त्याची फाटलेली कड चिकटवत होतो. मॅडम रोहनला घेऊन आल्या. मी बाहेर जायला निघालो तर रोहनच म्हणाला, "सर असू देत." मॅडमनी काहीच विचारलं नाही. चटणीची डबी उघडून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं पोळीशी चटणी खाल्ली, पाणी प्यायला आणि मग एकदम बोलायला लागला.

"मॅडम, आठवीत तुम्ही सांगितलं होतं, शरीर बदलतं, घाबरू नका, सगळ्यांचं होतं, मग सवय होते. मी वाट बघितली. मला सवय होत नाही. हे जे होतंय ते माझं नाहीच असं वाटतं. मला आतून मी मुलगाच वाटतो. पहिल्यापासून. माझं काय चुकतंय?"

मॅडमनी चष्मा काढला. "तुझं काही चुकत नाही," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. मी सगळ्यांचं सांगितलं आणि तुझं सांगायचं राहिलं."

रोहन रडायला लागला. मॅडमनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, "हे बघ, मला यातलं पूर्ण कळत नाही. पण मला शिकता येतं. तू शाळेत ये, मी अभ्यास करते. आणि तुला विचारल्याशिवाय मी कुणाला काही सांगणार नाही. चालेल?"

निवृत्तीला आलेली माणसं पेन्शनच्या कागदांच्या मागे असतात. ही बाई त्या दिवसांत समुपदेशकांकडे जाऊन बसत होती, डॉक्टरांना फोन करून शंका विचारत होती, आणि बसमध्ये पेन्सिलीनं खुणा करत वाचत होती. विहारात ओळखीची झालेली एक तृतीयपंथी कार्यकर्ती होती, तिला घरी जेवायला बोलावून मॅडमनी सगळी दुपार प्रश्न विचारले. "तिनं शेवटी मला सांगितलं, मॅडम, आता मला जरा जेवू द्या," असं त्यांनीच मला हसत हसत सांगितलं.

रोहननं हो म्हटल्यावर त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. दहावीच्या वर्गाला रोज खेळाचा गणवेश चालावा, अशी मागणी. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं.

"एक मूल शाळेत यावं म्हणून."

"मॅडम, एका मुलासाठी सबंध वर्गाचा गणवेश बदलायचा?"

"एकाचाच बदलला तर सगळे त्याच्याकडे बघतील. सगळ्यांचा बदलला तर निदान फळ्याकडे बघतील."

मुख्याध्यापक वाईट नव्हते, भित्रे होते. "पण संस्थेला काय सांगू?" ते म्हणाले.

"सांगा, धुवायला सोपा."

त्यांनी अक्षरशः तेच कळवलं. मुलींच्या आया खूश झाल्या, कारण ओढणीला रोज इस्त्री करायचं काम वाचलं. आणि सोमवारी रोहन आला, मंगळवारीही आला. मॅडमनी त्या वर्गावर एक तास घेतला, अर्थात दार उघडं ठेवून. आपण मुलगा आहोत की मुलगी, हे माणसाला आतूनही कळत असतं, आणि ते दर वेळी शरीराशी जुळतंच असं नाही. न जुळणं हा रोग नाही, फॅशन नाही, कुणाची नक्कल नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी तृतीयपंथीयांसारखी टाळी वाजवून दाखवली. मॅडम त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "तुला त्यांची टाळी येते," त्या म्हणाल्या. "त्यांचं आणखी काय माहीत आहे तुला? काही नाही ना? मग आधी ऐक." तो मुलगा ऐकत बसला, आणि पुढे डब्याला रोहनच्याच घोळक्यात दिसू लागला.

दिवाळीनंतर रोहननं केस बारीक कापून घेतले, आणि लोखंडे शाळेत आले. आवाज इतका चढलेला की माझा वर्गही उठून दाराशी आला. "माझ्या पोरीच्या डोक्यात हे तुम्ही भरवलंत. तुमचे ते तक्ते, ते तास."

मॅडमनी त्यांना बसवलं, चहा मागवला. "अहो, मी भरवून मुलांच्या डोक्यात काही राहिलं असतं तर आधी आवर्तसारणी नसती का राहिली?"

लोखंडे हसले नाहीत. मग त्यांचा आवाज एकदम बसला. "नाव काढून टाकीन शाळेतून. गावी ठेवीन. मॅडम, घरात एक शब्द बोलत नाही ती. वर्ष झालं. जेवायला हाक मारली तर ताट घेऊन आत जाते. आम्ही काय केलं हो?"

"काही केलं नाहीत," मॅडम म्हणाल्या. "नाव कधीही काढता येईल, ते तुमच्या हातात आहे. त्याआधी या शनिवारी या. आत नका येऊ. कुंपणाबाहेर उभे राहा आणि नुसतं बघा."

शनिवारी मी त्यांना पाहिलं. पिंपळाखाली स्कूटर लावून, हेल्मेट हातात धरून ते जाळीला लागून उभे होते. मैदानावर कबड्डी रंगात आली होती. रोहन चढाईला गेला, दोघांना शिवून परत आला आणि रेषेवर पडल्या पडल्या त्यानं अशी काही आरोळी ठोकली की पवार सरांची शिट्टी तोंडातच राहिली. सगळा गट त्याच्यावर पडला. तो हसत होता, पंचाशी भांडत होता, ओरडून ओरडून काहीतरी सांगत होता. लोखंडे जाळीत बोटं अडकवून उभे राहिले. खेळ संपला तरी ते हलले नाहीत. मग स्कूटर न चालू करताच, ढकलत ढकलत, कारखान्याच्या क्वार्टर्सच्या दिशेनं गेले. शाळेतून नाव काढायला ते परत आले नाहीत, पण दुसरं काही कळवलंही नाही. त्यांच्या मनात काय आहे याचा आम्हाला पत्ता नव्हता, आणि मॅडम मात्र रोज सकाळी आधी रोहनच्या बाकाकडे बघायच्या.

हजेरी भरली. परीक्षेचा अर्ज गेला. मग फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ आला. आमच्याकडे त्या दिवशी मुली साड्या नेसतात. आईची साडी, मावशीचे दागिने, पार्लरमधून केस. एरवी पाढे चुकणाऱ्या मुली एकदम मोठ्या बायका दिसायला लागतात. मुलगे शर्ट-पँट घालून अवघडून उभे असतात. वर्गानं आपणहून ठरवलं होतं, रोहनसाठी आपण सगळे ट्रॅकपँटवर यायचं. रोहननंच नको म्हणून सांगितलं. तुम्ही नटा, मी बघतो काय करायचं ते, म्हणाला. त्यानंतर दोन दिवस तो शाळेत आला नव्हता.

समारंभाला मॅडम सकाळपासून फाटकाशी उभ्या. उन्हात उभं राहून तुम्हाला त्रास होईल म्हटलं, तर म्हणाल्या, "आत फार अत्तर आहे." साड्या सावरत मुली येत होत्या, मॅडम त्यांना हसून आत पाठवत होत्या, आणि नजर रस्त्यावर. मला त्यांची काळजी वाटायला लागली. इतकी वर्षं मी त्यांना घाई नाही म्हणताना ऐकलं होतं. त्या दिवशी त्या पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होत्या.

स्कूटर आली. लोखंडे पुढे आणि मागे रोहन. आकाशी रंगाचा नवाकोरा शर्ट, कडक इस्त्री, घडीच्या रेघा अजून उमटलेल्या. काळी पँट. केसांचा भांग पाण्यानं चापून बसवलेला, तो नक्की वडिलांनी पाडला असणार, आजकालची मुलं तसा पाडत नाहीत. बाह्या मात्र पार बोटांवर आल्या होत्या. रोहन उतरून मॅडमसमोर उभा राहिला. लोखंडेंनी स्कूटर स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि मॅडमकडे न बघता, जणू दुकानदाराशी बोलावं तसं म्हणाले, "बाही लांब झाली. मुद्दाम मोठाच घेतला. अजून वाढेल."

मॅडमनी रोहनचा हात हातात घेतला आणि बाहीची नीट, सारखी घडी घालत ती मनगटाच्या वर आणली. मग दुसरी. रोहन खाली बघत नव्हता. मग त्या लोखंडेंकडे वळल्या, पदरानं चष्मा पुसला, आणि त्यांच्या त्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या,

"उभे काय राहिलात? आत चला. खुर्च्या मांडायला माणसं कमी आहेत."

आणि लोखंडे आत आले.